आपा, तुमची पाटी उतरवताना

तुमच्या हिशेबाच्या कागदावर जो माणूस सही करतो, तो नेमका कोण आहे, हे तुम्ही त्याला कधी विचारलं आहे का? मी नाव नाही म्हणत. नाव तुम्हाला माहीत असतं, त्याच्या मुलीची बारावी झाली का तेही माहीत असतं. तो कोणत्या परीक्षेतून आला, कोणाला उत्तर द्यायला बांधलेला आहे, उद्या त्याच्या हातून चूक झाली तर तक्रार घेऊन कोणत्या दारात जायचं, हे विचारलं आहे का?

आपा, हा प्रश्न तुमचा. मी फक्त छापते आहे. तुम्ही गेल्यानंतरचं हे माझं पहिलं पत्रक, आणि छापायला देण्याआधी ते ज्या टेबलावर ठेवायचं, त्या टेबलामागे कोणी नाही.

ज्यांना तुम्ही माहीत नव्हतात त्यांच्यासाठी एकच ओळ: नसीमआपा चार्टर्ड अकाउंटंट होत्या, म्हणजे सीए, आणि सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर बसायच्या. जन्म, शिक्षण, मानसन्मान वगैरे तुम्हाला आवडलं नसतं. "ते सगळं लग्नाच्या बायोडेटात लिहितात, आणि मी तो कधी केला नाही," असं एकदा तुम्हीच म्हणाला होतात.

तुम्हाला नेलं त्या दुपारी पुरुष कब्रस्तानात गेले. बायका घरी थांबल्या. मला बसायला जागा दिली, पाणी दिलं, कोणी काही कमी केलं नाही. पण मी कोण, हे तिथे कोणाला नीट सांगता येईना. मी नात्यातली नाही. क्लायंट नाही. ऑफिसात कामाला नाही. "आपाकडे यायची ती," असं कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी मान हलवली. मी उठले आणि चालत पेठेत आले. किल्ली नेहमीसारखी खालच्या दवाखान्यात होती. वर जाऊन तुमच्या समोरच्या, क्लायंटच्या खुर्चीत बसले. पंखा लावला नाही. खालून दाढ कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. त्या आवाजाला तुम्ही 'आमच्या इमारतीचं राष्ट्रगीत' म्हणायचात, उभं राहायची सक्ती नसलेलं.

जिन्याच्या तोंडाशी तुमची पाटी होती तशीच होती. पितळेची, शाळेच्या वहीएवढी. तुमचं पूर्ण नाव, त्याच्याआधी 'सीए' ही दोन अक्षरं, खाली 'पहिला मजला'. पुढचे काही आठवडे आमच्यात जो वाद पेटला, तो या पाटीवरून.

पण आधी आपला वाद.

मी पत्रकांवर वाढले. बाबा कारखान्यात असायचे, आणि कारखान्याबाहेर युनियनमध्ये. कात्रजच्या आमच्या दोन खोल्यांत गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. 'कामगारबंधूंनो' हा मी वाचलेला पहिला लांब शब्द. त्यामुळे राग आला की लोक ज्या सहजतेने स्टेटस टाकतात, त्या सहजतेने मी पत्रक काढते. तुमच्यापर्यंत पोचलेलं पत्रक पदव्यांवर होतं. नावाला चिकटवलेली अक्षरं ही नवी जात आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. ज्याला काम येतं त्याचीच सही चालली पाहिजे. परीक्षेचं कुंपण घालून मूठभर लोकांनी सहीचा मक्ता घेतला आहे. सर्व करसल्लागार एकाच माळेचे मणी आहेत. तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक दाराखालून मी ते सरकवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"तुमचं पत्रक वाचलं. या. चहा देईन."

मी भांडायच्या तयारीने आले. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "बसा, संपादकबाई." मग माझंच पत्रक माझ्यासमोर ठेवलंत. "आमच्यात कागद तपासताना जे खरं निघेल त्यावर टिकमार्क करतात. बाकीचं मोकळं सोडतात. मोकळं म्हणजे खोटं असं नाही, पुरावा मिळाला नाही एवढंच."

मी पाहिलं. अख्ख्या पत्रकावर पेन्सिलची एकच खूण होती. खाली छापलेल्या माझ्या फोन नंबरवर.

"तो लागला," तुम्ही म्हणालात. "म्हणून."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. हसले. मग तुम्ही माळेच्या मण्यांवर बोट ठेवलंत. "'सर्व करसल्लागार'. सर्व म्हणजे कोण?"

"म्हणजे हेच. टॅक्सवाले."

"टॅक्सवाले ही जमात मी ऐकलेली नाही. चला, चप्पल घाला."

चहा तसाच टाकून तुम्ही मला खाली गल्लीत नेलंत आणि पाट्या वाचायला लावल्यात. लहान मुलाला झाडं दाखवावीत तसं. पहिल्या पाटीवर सीए होतं. "याने टप्प्याटप्प्याच्या परीक्षा दिल्या, मधली काही वर्षं दुसऱ्या सीएच्या हाताखाली उमेदवारी केली, मग संस्थेचा सभासद झाला. सभासद क्रमांक मिळाला. तरीही थांबा. स्वतःचं दुकान चालवायचं, म्हणजे लोकांच्या कागदांवर सही करायची, तर संस्थेकडून वेगळा परवाना लागतो. नोकरी करणारे कितीतरी सीए आहेत ज्यांच्याकडे तो नाही. ते सीए आहेत, पण तुमच्या ऑडिटवर त्यांची सही चालत नाही. हे तुमच्या पत्रकात आहे?"

नव्हतं.

पुढच्या पाटीवर कॉस्ट अकाउंटंट. "यांची संस्था वेगळी. वस्तू बनवायला खर्च किती आला, यात हे मुरलेले. आणि ही मुलगी कंपनी सेक्रेटरी. कंपनी कायद्याचे कागद हिच्याकडे न्यायचे. सर्दी झाली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाता का तुम्ही?" नाक्यावरच्या जुन्या जिन्यात करविषयक कामं पाहणारे वकील. त्यांच्यापुढे जीएसटी प्रॅक्टिशनर. "सरकारकडे नोंदणी, परीक्षा. जीएसटीची विवरणपत्रं भरून देईल, चोख देईल. ऑडिटची सही त्याने करायची नाही, आणि तो चांगला असला तर स्वतःच तसं सांगेल."

मग आपण एका मोठ्या पाटीपाशी आलो. दिव्यांची, लाल-पिवळी, तुमच्या पाटीच्या दहापट. 'टॅक्स कन्सल्टंट, सर्व कामे एका छताखाली'. नावापुढे कंसात 'सीए इंटर'.

"'टॅक्स कन्सल्टंट' हे शब्द रंगवायला रंगाऱ्याशिवाय कोणाची परवानगी लागत नाही," तुम्ही म्हणालात. "माणूस हुशार असेल, प्रामाणिकही असेल. मला माहीत नाही. मुद्दा तोच आहे. माहीत करून घ्यायला जागाच नाही. आणि 'सीए इंटर' ही पदवी नव्हे. अर्ध्या प्रवासाचं तिकीट आहे ते. प्रवास केल्याचा अभिमान असावा, पण पोचलो असं सांगू नये."

"पण पाटी तर तुमच्याहून मोठी आहे," मी म्हणाले.

"जाहिरातीला आमच्यावर बंधनं आहेत. त्याच्यावर कोणाचीच नाहीत. म्हणूनच तर मोठी आहे."

परत येईपर्यंत चहा गार झाला होता. तुम्ही तो तसाच प्यायलात, आणि मीही. निघताना मी म्हणाले, तरी माझा मुद्दा उरतोच, परीक्षेची फी भरणारे, तेवढी वर्षं थांबू शकणारे कोण असतात ते बघा. तुम्ही पेन्सिल उचललीत, पत्रकातलं तेवढं एक वाक्य शोधलंत आणि त्यावर बारीक खूण केलीत.

"हे खरं आहे. हे नीट लिहा."

मी आयुष्यात बक्षिसं घेतली आहेत. कोणत्याही बक्षिसाने मला इतकं उंच उचललं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी येत राहिले. संध्याकाळी क्लायंट गेले की माझं नवं पत्रक टेबलावर, तुमची पेन्सिल हातात, आणि पलीकडच्या टेबलावरून मंदारदादा मान न वर करता काहीतरी टाकणार. वाचकांसाठी: मंदारदादा आपांकडे अगदी सुरुवातीपासून होते. सीएच्या मधल्या परीक्षेपर्यंत पोचलेले. शेवटची त्यांनी इतक्या वेळा दिली की घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही. ऑफिसातलं जवळपास सगळं काम त्यांच्या हातून जायचं. सही सोडून.

एका संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं की तुम्हाला त्या दोन अक्षरांचं एवढं का वाटतं. तुम्ही खिडकीकडे बघत बोललात. नवीन असताना या भागात ऑफिससाठी जागा शोधत होतात. फोनवर ठरलेली जागा, समोर जाऊन नाव सांगितलं की आदल्या दिवशीच कोणालातरी दिलेली निघायची. "सगळे फार सभ्य. अहो-जाहो करून नाही म्हणायचे. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी ही जागा दिली. पाटी लावली. मी आत बसून आवाज ऐकायची. लोक जिना चढायचे, पाटीशी थांबायचे. नाव वाचून थांबायचे, हे मला कळायचं. मग दोन अक्षरं वाचून वर यायचे. मला त्यांचा राग नाही."

"राग यायला हवा," मी म्हणाले.

"तो तुमच्याकडे आहे ना. पुरेसा आहे."

"आपा, नावाने न उघडणारं दार अक्षरांनी उघडलं, यात अक्षरांचं कौतुक कसलं? दाराची लाज वाटायला हवी."

"लाज वाटायला हवीच. पण तोपर्यंत मी जिन्यात उभी राहू?"

हा वाद आपण कितीतरी संध्याकाळी घातला आणि कधी संपवला नाही. मी आजही माझ्या बाजूला आहे. तुमच्यासारख्या बाईला तुमच्याच गावात माणूस म्हणून वर येऊ देण्यासाठी परीक्षा लागते, हे मला मान्य नाही, होणार नाही. फक्त आता माझ्या बाजूला बसून मी एकटीच बोलते.

आणि मग कात्रजचा कागद आला.

आमच्या चाळीशेजारी सुशीलाकाकूंचा बचत गट पोळी-भाजी केंद्र चालवतो. पोळ्यांचं यंत्र घ्यायचं म्हणून त्यांनी बँकेकडे अर्ज केला. बँकेने सीएच्या सहीचा ताळेबंद मागितला. ओळखीच्या एका टॅक्स कन्सल्टंटने तो करून दिला, गोल शिक्क्यासकट. बँकेने कागद परत केला. काकू तो घेऊन माझ्याकडे आल्या आणि मी त्यांना तुमच्याकडे आणलं.

"सही तर हाय की," काकू म्हणाल्या. "शिक्का बी हाय."

"आहे," तुम्ही म्हणालात. "पण सहीचा क्रमांक कुठे आहे?" मग तुम्ही त्यांना समजावलंत की सीएने असा दाखला दिला की त्या एकेका कागदाला स्वतंत्र क्रमांक पडतो, आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर घालून कोणालाही खरा-खोटा पाहता येतो. या कागदावर तो नव्हता. शिक्क्यातला सभासद क्रमांक मात्र होता. तुम्ही तो संस्थेच्या यादीत शोधलात. तो सभासद मरण पावला होता.

तुम्ही त्या कन्सल्टंटला फोन लावलात. स्पीकरवर. तो मेलेल्या सीएचा मुलगा निघाला. मला वाटलं होतं दटावेल, उडवून लावेल. तो रडायला लागला. "मॅडम, लोकांना बाबांची सवय होती हो. पाटी काढायला आईचा जीव होईना. पाटी आहे म्हणून लोक येत राहिले. आले की त्यांना शिक्का लागायचा. बाबा असताना मीच तर मारायचो शिक्का."

"बाबा असताना सही बाबांची होती," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता. "संस्थेला तुम्ही कळवताय की मी कळवू? तुम्ही कळवलंत तर जास्त बरं. पण कळवलंत याचा कागद मला दाखवा."

त्याने दाखवला. काकूंचा ताळेबंद तुम्ही पहिल्यापासून स्वतः तपासून दिलात. मला त्या माणसाचं नाव घालून पत्रक काढायचं होतं, शीर्षकही तयार होतं. तुम्ही नको म्हणालात. मी म्हणाले, हे झाकणं झालं. तुम्ही म्हणालात, "तक्रार ज्या दारात जायची तिथे गेली. तुम्हाला दार नकोय, तुम्हाला चौक हवाय." मी तेव्हा चिडून काही दिवस आले नाही. आज त्या दिवसांचं मला सगळ्यात जास्त वाटतं. चुकलं असं म्हणत नाही मी. चौकात बोलायलाच हवं, असं मला अजून वाटतं. पण त्या संध्याकाळी मोकळ्या गेल्या, आणि आता तशा मिळणार नाहीत.

परत आले तेव्हा तुम्ही काही झालंच नाही असं दाखवलंत. "आज कोणाला पाडायचंय?" म्हणालात. मग चहा ओतता ओतता, दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलावं तसं: "मी गेले की माझी पाटी पहिल्यांदा उतरवायची. कपाटं नंतर. पाटी आधी. मेलेल्या माणसाला तक्रार ऐकू येत नाही."

"तुम्ही कुठे जाताय?" मंदारदादा म्हणाले. "ऑडिटचा हंगाम आहे."

तुम्ही खरंच हंगाम संपवलात. तोवर छातीत दुखतं हे कोणाला सांगितलं नाहीत, तपासायला जायचं पुढे ढकलत राहिलात. दुसऱ्याच्या कागदावर एक दिवसाचा उशीर तुम्हाला खपत नव्हता. स्वतःच्या बाबतीत मात्र मुदतवाढ घेत गेलात. मी यावर तुमच्याशी भांडायला हवं होतं. ते भांडण राहिलंच.

तर, पाटी.

तुमच्या भावाने, युनूसभाईंनी, सगळं आमच्यावर सोडलं. मंदारदादा म्हणाले, राहू दे. सुशीलाकाकू खास कात्रजहून आल्या आणि म्हणाल्या, "आपांची पाटी काढली तर आम्ही कुठं जायचं? फोटो काढतो का आपण भिंतीवरून, माणूस गेलं म्हणून?" आणि आपा, मलाही ती राहायला हवी होती. रोज संध्याकाळी जिन्याशी तुमचं नाव वाचल्यावर मला क्षणभर वाटायचं की वर दिवा लागलेला असेल.

"तूच लिहिलंस ना," मंदारदादा म्हणाले. त्यांनी माझं जुनं पत्रक कुठूनतरी काढून आणलं होतं. "'ज्याला काम येतं त्याचीच सही'. मला काम येतं की नाही, सांग."

"येतं."

"मी सही करतो म्हणतच नाही. सही लागली तर बाहेरच्या सीएकडून घेऊ. पाटी फक्त लोकांनी वर यावं म्हणून. एकदा वर आले की मी सांभाळतो त्यांना. माझं वय बघ. आता मी कुठे जाऊ?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. रात्ररात्र झोप नसलेल्या माणसाचा चेहरा होता तो. आणि त्यांच्या हातात माझीच वाक्यं होती, एकही शब्द न बदलता. खोलीत 'सर्व म्हणजे कोण' असं विचारणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मध्यवयीन माणूस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. लोणी काळभोरला खताचं दुकान आहे म्हणाला. नोटीस आली होती, कोणीतरी पत्ता दिला होता.

"म्याडम हायेत का?"

मंदारदादांनी नेहमीच्या सवयीने खुर्ची पुढे केली. "बसा."

तो बसला. पिशवी मांडीवर ठेवली. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "किती वेळात येतील?"

खालचं यंत्र चालू झालं आणि थांबलं. मंदारदादांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"येणार नाहीत," ते म्हणाले. "वारल्या."

माणसाने हात जोडले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग त्याने अगदी साधेपणाने, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात विचारलं, "मंग पाटी?"

मंदारदादांनी माझं जुनं पत्रक घडी करून बाजूला ठेवलं.

"आन् तुमी कोण?" त्याने मंदारदादांना विचारलं.

आपा, इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. तुमच्या पाटीखालून जो आला त्याने त्यांना तुमच्याबरोबर मोजलं, आणि त्यांनीही कधी वेगळं मोजून घेतलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी सीए नाही," मंदारदादा म्हणाले. "जीएसटीचा नोंदणी असलेला प्रॅक्टिशनर आहे. नोटीस जीएसटीची असेल तर उत्तर मी तयार करीन. ऑडिटचं काम असेल तर मला सही करता येत नाही. त्यासाठी मी तुम्हाला दुसऱ्या सीएंचा पत्ता देतो. त्यांचा सभासद क्रमांक पण देतो, घरी जाऊन तपासा."

माणसाने पिशवीतून नोटीस काढली. मंदारदादांनी वाचली. जीएसटीची होती.

"बरं झालं आधीच सांगितलं," तो म्हणाला. "आमच्याकडं कुणी सांगत न्हाई. करा मग तुमीच."

तो गेल्यावर मंदारदादा खाली दवाखान्यात गेले आणि स्क्रू ड्रायव्हर मागून आणला. मी पाटी धरली, त्यांनी स्क्रू काढले. एक गंजला होता, निघेना. दाताचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "माझ्याकडे द्या, मी असल्याच गोष्टी उपटतो." त्यांनी काढला. आम्ही हसलो, आणि मग कोणाकडे बघावं हे कोणालाच कळेना.

त्या जीएसटीच्या परीक्षेला मंदारदादांना तुम्ही जवळजवळ हाताला धरून बसवलं होतंत. त्यांचा दाखला कपाटात फायलींच्या मागे पडून होता. सीएच्या पाटीखाली तो लावायची त्यांना लाज वाटायची. आता त्यांनी नवी पाटी केली आहे. तुमच्याएवढीच. नाव, बी.कॉम., जीएसटी प्रॅक्टिशनर, नोंदणी क्रमांक. आणि सगळ्यांत खाली: 'सीए नाही'. रंगाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं म्हणे, शेवटची ओळ खरंच घालायची का. तुमच्या शिक्क्याचं रबर त्यांनी स्वतःच्या हाताने कापलं. संस्थेला कळवलं, आणि कळवल्याचा कागद मला दाखवला. मी मागितला नव्हता.

सगळे क्लायंट राहिलेले नाहीत. काही गेले. मंदारदादा काळजीत असतात. पण फोनवर आता ते वेगळ्या आवाजात नाव सांगतात.

पितळी पाटी युनूसभाईंना द्यायला मी तुमच्या घरी गेले. त्यांनी ती हातात घेतली, बाहीने पुसली आणि परत माझ्याकडे दिली. "तुम्हीच ठेवा. बहुतेक तुम्हालाच ठेवायची असेल." मग थोडं अवघडून विचारलं, "तुम्ही आपाच्या कोण लागायच्या, ते मला कधी कळलं नाही."

त्या दफनाच्या दुपारी मला हे सांगता आलं नव्हतं. या वेळी मी म्हणाले, "आपा मला तपासायच्या."

ते हसले नाहीत. समजलं असावं.

पाटी माझ्या खोलीत आहे. भिंतीवर लावलेली नाही, दाराबाहेर तर नाहीच. टेबलावर आडवी ठेवली आहे आणि तिच्या शेजारी हे पत्रक लिहिते आहे. खोली लहान आहे, खालून अभ्यासिकेतल्या मुलांचा आवाज येतो, आणि माझ्या कोणत्याही वाक्यावर पेन्सिलची खूण नाही. काही वाक्यं खरी असतील, काही नुसतीच रागाची. कोणती कोणती, हे सांगणारं माणूस आता नाही. 'सर्व' हा शब्द लिहून मी दोनदा खोडला आहे.

आपा, आपला वाद मी हरलेले नाही. परीक्षेची फी न परवडणाऱ्यांबद्दल मी लिहीत राहणार, नाव वाचून जिन्यात थांबणाऱ्यांबद्दलही. पण तुम्ही ती दोन अक्षरं मानासाठी लावली नव्हतीत, कोणालाही तुम्हाला पकडता यावं म्हणून लावली होतीत, हे मला तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. जिवंत माणसाला पकडता येतं. तुम्ही पकडून द्यायला नेहमी तयार असायचात.

आता तुमच्याशी, वाचकहो. हे पत्रक ठेवून देण्याआधी एक काम करा. तुमचे कराचे, हिशेबाचे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे या आठवड्यात जा. माणूस कितीही ओळखीचा, कितीही चांगला असो, बसा आणि विचारा: तुम्ही नेमके कोण? सीए असाल तर सभासद क्रमांक काय, सही करायचा परवाना आहे का? दाखला दिलात तर त्यावर तपासता येणारा क्रमांक असेल का? सीए नसाल तर कशाची नोंदणी आहे, आणि कोणतं काम तुम्हाला करता येत नाही? चांगला माणूस चिडणार नाही. चष्मा पुसेल, थोडा वेळ घेईल, आणि सांगेल. तोवर चहा आला तर घ्या, गार झाला तर गार घ्या. पण उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका.